एका इंचाला सहा फूट

भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायला सुरुवात झाली की कर्जतला घराच्या खिडक्या लावून काही उपयोग नसतो. धूर येतोच. शेणाचा, ऐनाच्या टहाळीचा, पातेऱ्याचा आणि वर पसरलेल्या मातीचा असा तो जड, किंचित गोडसर धूर. वाळत घातलेल्या लुगड्यांना धरतो, दुधाच्या सायीला धरतो आणि चैत्र संपेपर्यंत सुटत नाही. परगावचे लोक नाक मुरडतात. मला तो आवडतो. निदान त्या धुराच्या जागी पुढे काही उगवतं. आज सकाळी तो या वर्षी पहिल्यांदा घरात आला आणि मला माझ्या थोरल्या भावाची विमानं आठवली. आधी राग आला, मग लिहायला बसले.

विमानं म्हणजे उडणारी नव्हेत. दादाची विमानं कपाटात राहत. चौदा सालच्या मोठ्या लढाईत शहरांवर आणि छावण्यांवर बाँब टाकायला जी विमानं वापरली गेली, त्यांच्या मापाबरहुकूम केलेल्या छोट्या प्रतिकृती. काही वीतभर, काही हातभर. एकदोन पत्र्याची होती, ती मुंबईच्या दुकानातून विलायती म्हणून आणलेली. बाकीची दादाने स्वतःच्या हाताने केलेली, आणि ती तशी दिसतही. ‘एका इंचाला सहा फूट’ हे वाक्य तो आल्यागेल्याला ऐकवी. आमचे वडील संध्या करताना जो चेहरा करीत, तोच चेहरा ते वाक्य म्हणताना दादाचा होई. वडिलांच्या संध्येचा निदान कुणाला उपद्रव नव्हता.

एक विमान करायला काय लागतं, तर घरातलं सगळं. अंगासाठी पांगाऱ्याचं लाकूड, कारण ते हलकं आणि चाकूला मऊ. पंखांसाठी चिरूटांच्या पेट्यांच्या फळ्या. वरच्या आणि खालच्या पंखांमधल्या उभ्या काड्यांसाठी खराट्याचे हीर. त्या वर्षांत आमच्या घरात एक खराटा धड नव्हता, आणि अंगण झाडताना वहिनीची कंबर मोडून जाई. तारांसाठी घोड्याच्या शेपटीचे केस. स्टेशनावरचा टांगेवाला दादाला लांबून पाहिला की घोड्याचं तोंड आमच्याकडे करून उभा राही. सांधे चिकटवायला सरस. आमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात शेगडीवर हाडांचा सरस रटरटत असे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण तो साहेबी उद्योग होता. मी एकदा कांद्याची भजी तळली चातुर्मासात, तर आठवडाभर घरात धुसफूस.

आणि बाँब भाताचे. टरफलासकट दाणे काळ्या रंगात बुडवायचे, वाळवायचे आणि विमानाच्या पोटाखाली ओळीने चिकटवायचे. खालापूरच्या अंगाला आमची थोडी जमीन होती, तिथलं हे भात. माणसांनी गुडघाभर चिखलात वाकून लावलेलं, कापलेलं, झोडलेलं. ते आमच्या घरी येऊन बाँब होई. कोलमचा दाणा बारीक पडतो म्हणून दादा त्याला नावं ठेवी.

ही सगळी वायुसेना पुसायचं काम माझ्याकडे होतं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कपाळ पांढरं करून मी माहेरी परत आले, मग पुण्याला जाऊन शिकले आणि कर्जतच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. शाळेत मला चाळीस मुली मान देत. घरी मला पिसाचा कुंचा देण्यात आला होता. रविवारी सकाळी कपाट उघडायचं आणि एकेक विमान हलक्या हाताने झाडायचं. राबाच्या दिवसांत तर रोज, कारण पंखांवर राखेचे कण येऊन बसत. दादा मागे उभा राहून सूचना करी. ‘हळू. ते जर्मन आहे.’ जर्मन असो नाहीतर इंग्रज, माझ्या कुंच्याला सगळी सारखीच हलकी होती.

रविवारी संध्याकाळी गावातली पांढरपेशी मंडळी जमत. एक वकील, एक डॉक्टर, कचेरीतले दोन कारकून. यांच्यापैकी कुणी घरात पाल निघाली तर बायकोला हाक मारणारा. पण कपाट उघडलं की सगळे सेनापती होत. कुठलं विमान किती मण बाँब नेतं, कुठल्या शहरावर किती उंचीवरून टाकले म्हणजे चांगले पडतात, याची चर्चा चहाच्या कपावर चाले. ‘चांगले पडतात’ हे त्यांचे शब्द. खाली काय असतं, असा प्रश्न त्या खोलीत मी तरी कधी ऐकला नाही. वहिनी आतून पोह्यांच्या बशा पाठवी आणि लढाई तेवढ्यापुरती थांबे.

दादाला ही मंडळी रावसाहेब म्हणत. सरकारने ही पदवी त्याला कधी दिली नव्हती आणि त्याने ती कधी नाकारली नव्हती. लढाईच्या काळात तो बसऱ्याला होता, हे खरं. येताना खाकी टोपी आणि ‘आम्ही बसऱ्यात असताना’ हे पालुपद घेऊन आला, हेही खरं. पण तिथे तो काय करत होता? घोड्यांची चंदी आणि गवताच्या गंज्या यांचा हिशेब. नदीच्या अलीकडे, कोठारात, छपराखाली. बाँब पडताना त्याने पाहिला नाही, विमान पाहिलं ते घारीएवढं, वर. हे त्याने परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनीला सांगून टाकलं होतं आणि वहिनीने मला. पुढे बाहेरच्या खोलीत गोष्ट वाढत गेली. गवताच्या गंजीला आग लागली, ती बाँबने लागली, बाँब दादाच्या डोळ्यांदेखत पडला, दादा थोडक्यात वाचला. आम्ही दोघी आतून ऐकत असू. दादाची लढाईही एका इंचाला सहा फूट या मापाचीच होती, फक्त उलटी.

हे सगळं मी हसून सोडलंही असतं. पुरुषांना असले काहीतरी खेळ लागतात, आणि पत्त्यांपेक्षा लाकूड बरं. पण त्या वर्षी राबाच्या दिवसांत ठकूबाई आमच्याकडे आली.

ते दिवस मला अजून अंगाला जाणवतात. होळी होऊन गेलेली, उल्हास नदी आटून डोहांपुरती उरलेली, माथेरानचा डोंगर उन्हाच्या झळांमागे नुसता राखाडी. पांगारे लालभडक, पान एक नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसे. शेतांत झाडांची कवळी डहाळी, म्हणजे कवळ, तोडून, शेण पसरून राब रचून झालेले. जो तो वारा पडायची वाट पाहत होता. राब वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचा असतो, म्हणजे आग सावकाश सरकते आणि खालची माती नीट भाजून निघते. घाई केली तर वरचं गवत भडकतं, माती कच्ची राहते आणि पावसात भातापेक्षा तणच जास्त उगवतं. हे तिकडच्या कुणालाही ठाऊक असतं. मला मात्र तिशी उलटल्यावर कळलं.

ठकूबाई आमच्या खालापूरकडच्या शेतावरची. कुणब्याची बाई, उंच, कोरडी, बोलायला थोडी. दादाला पांगाऱ्याचं लाकूड तिच्याकडूनच येई. ती किंवा तिची सून चंद्री मोळी डोक्यावर घेऊन कर्जतपर्यंत चालत येत. ठकूबाईचा एकुलता एक मुलगा राघो लढाईच्या दिवसांत एका ठेकेदाराबरोबर हमाल म्हणून बसऱ्याला गेला होता. लढाई संपून आठनऊ वर्षं झाली. राघो आला नाही, मेल्याचा निरोपही आला नाही. ठेकेदार केव्हाच परागंदा झालेला. सरकारदरबारी त्याचं नावच कुठे नव्हतं. मेला म्हणायला आधी तो असायला हवा ना.

चंद्रीचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं. आता ती पंचविशीला आली होती आणि अजून कुंकू लावत होती. खोपोलीच्या वीजघरात कामाला असलेल्या एका गड्याने तिला पाटाबद्दल, म्हणजे दुसऱ्या लग्नाबद्दल, विचारलं होतं. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, माणूस शांत होता, आणि चंद्रीला तो हवा होता. पण पाट लावायचा तर नवरा मेलेला हवा, नाहीतर त्याने काडी मोडून द्यायला हवी. काडी मोडायला राघो नव्हता. तो मेला असं सांगायला कुणी नव्हतं. गावकीने स्पष्ट सांगितलं होतं, तिकडे असलेल्या कुणीतरी येऊन चारचौघांत सांगावं, मग आमची ना नाही. आणि खोपोलीच्या माणसांनी सांगितलं होतं, राब भाजून होईपर्यंत थांबतो, मग दुसरीकडे बघतो.

म्हणून त्या दोघी आल्या. यात सगळ्यात वाईट काय होतं ते मला त्यांच्याकडे पाहताच कळलं. चंद्रीला राघो मेला हे कुणाच्यातरी तोंडून ऐकायला हवं होतं, आणि ठकूबाईला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं. आणि तरीही सुनेला घेऊन आली होती तीच. उन्हातून, अनवाणी, लाकडाच्या मोळीसकट.

‘रावसाहेब, तुमी तकडं व्हता,’ ठकूबाई उंबऱ्याबाहेर बसून म्हणाली. ‘तुमी सांगा. माजा राघो हाय का नाय?’

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, मला ठाऊक नाही. दादाने कपाट उघडलं.

मी कुंचा घेऊन उभी होते. त्याने सगळ्यात मोठं विमान काढलं, दोन इंजिनांचं, आणि त्या दोघींपुढे धरून पंखांपासून शेपटापर्यंत व्याख्यान दिलं. ठकूबाईने सगळं ऐकून घेतलं.

‘खरं केवढं असतंय ह्ये?’ तिने विचारलं.

‘आपल्या या घराहून लांब. हे लहान केलेलं. एका इंचाला सहा फूट.’

‘मंग या मापात मानूस केवढा?’

असा प्रश्न रविवारच्या मंडळींनी कधी विचारला नव्हता. दादा खूष झाला. त्याने तर्जनीचं वरचं पेर दाखवलं. ‘एवढा. बरोब्बर एक इंच.’

ठकूबाई त्या पेराकडे पाहत राहिली. ‘आमचा राघो उंच व्हता. दारातून वाकून याचा.’

‘मग सव्वा इंच धर,’ दादा उदारपणे म्हणाला. सव्वा इंच म्हणजे साडेसात फूट होतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मी गणित शिकवत असे, माझ्या आलं.

ठकूबाईने मान वळवून कपाटात पाहिलं, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. ‘यात मानसं कुठं हायती? चालवनारा तरी?’

‘मी माणसं करत नाही,’ दादा म्हणाला. ‘माणसं घातली की सगळं खेळण्यासारखं दिसतं.’

चंद्री खाली मान घालून बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली. ‘रावसाहेब, आमाला इमान नगं. तुमी गावकीत येऊन येक शबूद सांगा.’

दादा आपला मोठेपणा सांभाळत म्हणाला, तिकडे आभाळातून असा वर्षाव होई की कोण मेलं आणि कोण राहिलं याचा पत्ता लागत नसे; कोठाराजवळ हमालांची एक टोळीच्या टोळी गेली; त्यात राघो असेलही. मी पाहत होते, ‘असेलही’ म्हटल्यावर ठकूबाईने डोळे मिटले आणि चंद्रीने उघडले. गावकीत येऊन हे सांगेन, असं त्याने कबूल केलं. का नाही करणार? ऐकायला गाव मिळत होतं.

त्या दोघी गेल्यावर मी त्याला धरलं. म्हटलं, ‘दादा, तिथे असेलही-बिसेलही म्हणायचं नाही. मेला म्हणायचं. माझ्यासमोर गेला म्हणायचं.’

‘म्हणेन की. त्यात काय एवढं?’

‘तू पाहिलं नाहीस हे मला ठाऊक आहे.’

तो माझ्याकडे न पाहता विमान कपाटात ठेवत होता. ‘तुला काय ठाऊक आहे ते मला ठाऊक आहे,’ म्हणाला. ‘सांगितलं ना, म्हणेन.’

मी खोटं बोलायला सांगत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. एवढी वर्षं त्या खोलीत थापांची शेती चालली होती. त्यातलं एक कणीस कुणाच्या तोंडी पडलं तर काय बिघडणार होतं? आणि खरं सांगायचं तर मला चंद्रीचा हेवा वाटत होता. तिला नाही म्हणायला का होईना, पण गावकी होती. काडी होती, पाट होता, थांबलेला एक माणूस होता. आमच्या जातीत वीस वर्षांच्या मुलीला कुणी काही विचारत नाही, तिच्या हातात कुंचा देतात.

गावकी बसली ती ठकूबाईच्या गावात, बहिरीदेवाच्या देवळापुढे, राब भाजायचा शेवटचा टप्पा चालू असताना. आम्ही बैलगाडीने गेलो. दादाने तीन विमानं बरोबर घेतली होती, पेंढ्यात बसवून, वेताच्या करंडीत. मी म्हटलं, ‘हे कशाला?’ तर म्हणाला, लोकांना कल्पना यायला हवी. सगळ्या वाटेवर धूर होता, दोन्ही बाजूंना शेतांतून काळे चौकोन आणि मधूनच एखादा अजून धुमसणारा. बायकापोरं हातांत टहाळी घेऊन आगीच्या कडेने उभी, ज्वाळा बांध ओलांडू लागली की झोडपायला. दादा करंडी मांडीवर घेऊन बसला होता आणि वरून ठिणगी पडेल म्हणून तिच्यावर माझी शाल पांघरली होती. ठिणगी माझ्यावर पडली असती तरी चाललं असतं.

देवळापुढे करंडी उतरवायला चंद्री पुढे आली. दादाने ती तिच्या हातात दिली आणि सबंध वेळ चंद्री ती धरून उभी राहिली. या मुलीचं उभं आयुष्य तिथे ठरायचं होतं, आणि तिचे दोन्ही हात त्याच्या विमानांत अडकले होते.

दादा बोलायला उभा राहिला. एकेक विमान काढून दाखवलं, इंजिनं सांगितली, वजनं सांगितली, माप सांगितलं. माणसं शांत बसली होती. कुणब्यांची गावकी पाहुण्याचं बोलणं तोडत नाही, ती तंबाखू मळते. खोपोलीहून गड्याचा चुलता आला होता, तो पागोटं मांडीवर ठेवून जमिनीकडे पाहत होता. शेवटी पाटलाने खाकरून विचारलं, ‘साहेब, ह्ये समदं झाक हाय. आमच्या राघोचं काय झालं त्ये सांगा.’

‘राघो... त्याचं असं झालं...’

‘थांबा,’ पाटील म्हणाला. ‘बेलभंडार उचला आनि सांगा.’

देवापुढच्या ताटलीत बेलाची पानं आणि हळद होती. ती हातात घेऊन जे बोलायचं ते देवाच्या समक्ष. तिकडे शपथ म्हणतात ती हीच, आणि दुसऱ्या कशालाही तिच्याइतकी किंमत नाही. एकाने ताटली आणून दादापुढे धरली.

दादा देव मानत नसे. भुतंखेतं, नवससायास, सगळं अडाण्यांचं म्हणून तो रविवारी हसे. त्या ताटलीकडे तो असा पाहत राहिला की जणू तीत विंचू आहे. हात पुढे केला, मागे घेतला. आणि मग आयुष्यभर थापा मारणारा हा माणूस नेमका त्या क्षणी खरं बोलायला निघाला.

‘तसं पाहिलं तर,’ तो म्हणाला, ‘मी प्रत्यक्ष असं काही पाहिलं नाही.’

‘मंग कोनी पाह्यलं?’

‘मी कोठारावर होतो. नदीच्या अलीकडे. हमाल पलीकडे असत.’

‘आनि ह्ये बाँब?’

‘ते मी वाचलेलं आहे.’

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दादाने विमानं गोळा केली आणि करंडीत ठेवली, म्हणजे चंद्रीच्या हातांत. माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी आजवर पुष्कळ भेकड माणसं पाहिली, पण खरेपणाच्या आड दडणारा तो पहिलाच. त्याला सत्याची चाड नव्हती. त्याला हळदीची भीती वाटली, बस्स. रविवारी चहाच्या कपावर जो माणूस शंभर मेलेली माणसं सहज सांगे, त्याला एक सांगवलं नाही.

पाटलाने मान हलवली. ‘आमी तरी काय करनार? उद्या पाट लावला नि परवा राघो दारात उभा ऱ्हायला तं? कोनीतरी सांगाया पायजे.’ खोपोलीच्या चुलत्याने पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून तो उठू लागला. चंद्री जागची हलली नाही. तिने करंडी फक्त जरा घट्ट धरली.

ठकूबाई बायकांत, माझ्या शेजारी बसली होती. ती उठली. पुरुषांच्या मधून चालत गेली, दादाच्या पुढ्यातल्या ताटलीतली पानं उचलली, हळदीत हात बुडवला.

‘मी सांगते,’ ती म्हणाली. ‘माजा राघो मेला.’

पाटील गोंधळला. ‘ठकू, तू पाह्यलंस का गं?’

‘नाय पाह्यलं. त्याला जल्माला घातला तवा कोनी साक्ष मागितली नवती. मी म्हनले पोरगा झाला, तं झाला. आता बी मीच म्हनते. मेला. बहिरीदेवाच्या समक्ष म्हनते. आजून कोनाला इचारायचं हाय?’

कोण विचारणार? खोपोलीचा चुलता पुन्हा खाली बसला. ठकूबाई सुनेजवळ गेली आणि त्याच हाताने तिचं कुंकू पुसलं. ‘आत्ये, तू कशाला गं?’ एवढंच चंद्री म्हणाली आणि करंडी तिच्या हातून सुटली. पेंढा पसरला, एका विमानाचा पंख निखळला. तिच्या कपाळावर लाल गेलं होतं आणि पिवळं राहिलं होतं. बायका तिला देवळामागे घेऊन गेल्या, रडायला जागा लागते म्हणून.

चंद्री खोपोलीला नांदते आहे. मागच्या वर्षी बाजारात भेटली, बरोबर थोरली मुलगी होती. बोलता बोलता मुलीच्या केसांतली फुलं सारखी करत होती. दादा पुण्याला मुलाकडे असतो. कपाटही तिकडेच गेलं. आता वर्तमानपत्रांत पुन्हा बाँबफेकी विमानांची चित्रं येतात, नवी, वरखाली दोन पंख नसलेली, एकाच पंखाची, आणि म्हणे त्याच्याकडे नवी मंडळी जमतात. तो त्यांना बसऱ्याच्या गोष्टी सांगतो. या वेळी कोठाराचा भाग गाळत असणार. मोडलेलं विमान त्याने दुरुस्त करून घेतलं आणि तो पंख गावकीत नव्हे तर प्रवासात मोडला, असं तो सांगतो, हेही मी ऐकलं आहे. मला त्याची दया यावी असं पुष्कळांना वाटतं. मला येत नाही. लहान मुलं भातुकली मांडतात तेव्हा त्यांना ठाऊक असतं की भात खोटा आहे. या मोठ्या माणसांना हे कळत नाही की भात खरा होता.

त्या दिवशी परतताना दादा आधीच गाडीत जाऊन बसला होता, पंखाचे तुकडे रुमालात घेऊन. गाडीवानाला सांगत होता की घोड्याचा केस न तुटता निघाला तर पंख पुन्हा बसेल. ठकूबाई मला पोचवायला गाडीपर्यंत आली. शेतातला धूर आता निवत चालला होता. तिचा राबही भाजून झाला होता. काळी, भुसभुशीत माती, मधून मधून राख. तिच्या हाताला हळद तशीच होती. तिने ती पुसली नव्हती.

मला गप्प राहवेना. मी तिच्या दंडाला धरून विचारलं, ‘ठकूबाई, देवाच्या दारात न पाहिलेलं सांगितलंत. भीती नाही वाटली? शपथ खोटी ठरली तर?’

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुणी अडाणी आहे.

‘खोटी ठरली तं माजा राघो येल ना गं बाय,’ ती म्हणाली. ‘मंग देव माजं काय करायचं त्ये करू दे.’